थेंब पडत होते

त्या रात्री दोन वाजता बाळाच्या आईनं मला हाक मारली होती, हे आधी सांगून टाकते.

"सिस्टर, जरा बघता का? हात हलवला की किंचाळतोय."

नऊ महिन्यांचा मुलगा. जुलाब-उलट्यांनी सुकून आलेला, वजन साडेसात किलो. शरीरातलं पाणी कमी झालं की बाळाच्या शिरा आत बसतात, बोटाला लागतच नाहीत. संध्याकाळी निवासी डॉक्टर आणि मी मिळून चौथ्या प्रयत्नात डाव्या पंज्याच्या मागच्या बाजूला २४ नंबरची पिवळी सुई गेली. एवढ्या कष्टानं मिळालेली व्हेन रात्रीत जायला नको म्हणून मी हाताखाली पुठ्ठ्याचं स्प्लिंट ठेवलं, वर डायनाप्लास्टची जाड चिकटपट्टी मारली आणि बोटांच्या टोकांपासून कोपरापर्यंत क्रेप बँडेज गुंडाळून टाकलं. वर आईला बजावलं, "आता हे कुणी सोडायचं नाही."

रात्री तिनं हाक मारली तेव्हा मी कॉटपाशी गेले आणि ब्युरेटकडे, म्हणजे सलाईनच्या बाटलीखालच्या मापाच्या नळीकडे, पाहिलं. थेंब पडत होते. मिनिटाला तीस. मायक्रोड्रिप सेटचे साठ थेंब म्हणजे एक मिली, त्यामुळे मिनिटाचे जितके थेंब तितके तासाचे मिली. तासाला ३० मिली ठरलं होतं, तेवढंच चाललं होतं. मी म्हटलं, "व्हेन चालू आहे ताई. भूक लागली असेल, पाजा त्याला."

सकाळी सहाला इंजेक्शन देताना बाळ असं रडलं की मी बँडेज सोडलं. हात दुप्पट झाला होता. कातडी ताणून चकाकत होती, बोटं गार, मनगटाच्या वर एक पांढुरका पट्टा आणि त्यावर पाण्यानं भरलेला फोड. त्या सुजेत काळ्या मण्यांची मनगटी रुतून बसली होती. ती मी काल पाहिली होती. काढली नव्हती, वरूनच बँडेज बांधलं होतं.

सलाईनमध्ये पोटॅशियम होतं. शिरेत गेलं तर औषध, मांसात गेलं तर कातडी जाळणारं. मुलाला तीन आठवडे ड्रेसिंग लागलं. कातडी लावायची वेळ आली नाही, पण रुपयाच्या नाण्याएवढा व्रण राहिला. तो मुलगा आता शाळेत जातो. तापासाठी दोनदा आमच्याकडे आला, तेव्हा दोन्ही वेळा मी त्याला मूठ मिटून दाखवायला लावली. पूर्ण मिटते.

बालरोग वॉर्डात मला आता १६ वर्षं झाली. ही गोष्ट पाचव्या वर्षातली. त्या सकाळी मला कुणी फारसं रागावलं नाही, उलट 'असं होतं' असंच सगळे म्हणाले. खरंच, आमच्याकडे असं होत असे. मला मात्र त्या आईचं वाक्य सोडेना. तिला जे कळलं होतं ते मला कळलं नव्हतं, कारण ती बाळाकडे बघत होती आणि मी थेंबांकडे.

थेंब का पडत राहतात, हे मला त्यानंतर नीट समजलं. सुईचं टोक शिरेतून निसटलं तरी बाटली वर टांगलेली असते, पाणी खाली येणारच. लहान मुलाची कातडीखालची जागा सैल असते, ती बराच वेळ विरोध न करता पाणी सामावून घेते. पंप लावला असला तरी तेच. पंपाचा अलार्म नळी दुमडली, रस्ता बंद झाला की वाजतो. पाणी शिरेत चाललंय की मांसात, हे पंपाला कळत नाही. आणि बँडेज घट्ट असेल तर सूज बाहेर दिसत नाही, आतल्या आत दाब वाढतो. म्हणजे ज्या गोष्टीनं मी ती सुई जपली असं मला वाटत होतं, त्याच गोष्टीनं मी तो हात झाकून टाकला होता.

त्याच वर्षी नवजात विभागातून एक वरिष्ठ सिस्टर आमच्या वॉर्डात इनचार्ज म्हणून आल्या. आम्ही त्यांना मॅडम म्हणायचो. पहिल्याच राउंडला त्यांनी सगळ्या मुलांचे हात-पाय उघडून बघायला लावले. अठ्ठावीस कॉटा. दोन मुलांच्या सुया बाहेर आल्या होत्या आणि वरून बँडेज जसंच्या तसं. एकाचा हात कॉटच्या दांडीला गॉजनं बांधलेला होता, ओढू नये म्हणून. मॅडमनी ती गाठ स्वतः सोडली आणि फक्त एवढंच म्हणाल्या, "बांधलेलं मूल जास्त ओढतं." हे मी पुढे शंभरदा पाहिलंय. हात मोकळा नसला की मूल सगळ्या अंगानं झटापट करतं आणि सुई त्यातच निसटते.

त्यांच्याकडून मी सुई लावणं नव्हे, सुई राखणं शिकले. आजही नव्या मुलींना शिकवताना माझ्या डोळ्यांसमोर त्यांचेच हात असतात. पण नुसती रीत सांगण्यापेक्षा एका मुलीचं सांगते, गेल्या थंडीतलं.

आमच्या भागात साखर कारखान्यांचा हंगाम सुरू झाला की बीडकडून ऊसतोडीच्या टोळ्या येतात. पाचटाच्या कोप्या, पहाटेची थंडी, चुलीचा धूर, आणि दिवाळीनंतर आमच्या वॉर्डात न्यूमोनियाची मुलं. ही चौदा महिन्यांची, आठ किलोची, धापा टाकत आलेली. नाकाला ऑक्सिजनची नळी लावली. अँटिबायोटिक शिरेतूनच जायचं होतं.

मी आधी आईला विचारलं, "ही अंगठा चोखते का? कोणता?" उजवा. मग उजवा हात सोडायचा. चोखायचा अंगठा बंद केला तर मूल रात्रभर झोपत नाही आणि तो हात सोडवायला सगळी ताकद लावतं. पाऊल? चालायला लागलेल्या मुलाच्या पायात मी शक्यतो सुई लावू देत नाही, उभं राहिलं की संपलं. मनगटाच्या आणि कोपराच्या घडीतली शीर सहज दिसते, पण दर वाकण्याबरोबर सुई आत हलते. डाव्या हाताच्या कोपराखालच्या सपाट भागात एक शीर बोटाला लागली. डोळ्यांना दिसत नव्हती, पण दाबून सोडलं की उसळत होती. अशी मिळाली तर तीच घ्यावी. तिथं हाडं म्हणजेच नैसर्गिक फळी असते.

मग मनगट्या. दोन्ही हातांत काळ्या मण्यांच्या, शिवाय डाव्या मनगटाला काळा दोरा. मी म्हटलं, "ताई, हे काढावं लागेल."

ती गप्प झाली. सासूनं बांधलेला दोरा होता, देवाचा. आधी दोन मुलं गेली होती तिची. अशा वेळी 'अंधश्रद्धा' वगैरे बोलणारी माणसं मला आवडत नाहीत. मी म्हटलं, "हात सुजला तर हा आत रुततो. मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय. इथून सोडून पायाला बांधू, देव काही म्हणणार नाही." तिनं स्वतः सोडला आणि पायात बांधला. मनगट्या पदराच्या गाठीत ठेवल्या.

सुई लावण्याआधी पट्ट्या कापून तयार हव्यात. ही गोष्ट क्षुल्लक वाटते, पण अर्ध्या सुया इथे जातात: शीर मिळाली, मूल हलतंय, आणि सिस्टर दातानं चिकटपट्टी तोडतेय. पट्ट्या स्वच्छ ट्रेच्या कडेला लावून ठेवायच्या. कॉटच्या दांडीला नाही, गणवेशाला तर नाहीच. आम्ही सगळ्या वर्षानुवर्षं गणवेशाला लावत आलो आणि तीच पट्टी सुईच्या भोकावर.

कातडी पुसून ती वाळू द्यायची, किमान अर्धा मिनिट, फुंकर न मारता. ओल्या कातडीवर जंतुनाशकाचं काम पुरं होत नाही आणि पट्टीही धरत नाही. थंडीत कोपीतून आलेल्या मुलाच्या अंगाला तेल असतं. ते आधी साबण-पाण्यानं काढलं नाही तर जगातली कुठलीही चिकटपट्टी टिकणार नाही.

मुलीला आईच्या मांडीवरच घेतलं, लुगड्यात गुंडाळून, फक्त डावा हात बाहेर. एका नव्या सिस्टरनं हात धरला, मी सुई लावली. पहिल्याच प्रयत्नात गेली, याचा आनंद मला अजूनही दर वेळी होतो.

पुढचं काम सावकाश करायचं असतं. मूल रडत असतं, सगळे घाई करतात, पण घाई इथे नको. सुईच्या बुडाला दोन्ही बाजूंना चपटे पंख असतात, त्यांवर एक निर्जंतुक पट्टी आडवी. सुई जिथं आत शिरते ती जागा मोकळी. त्यावर पारदर्शक ड्रेसिंग, न ताणता ठेवायचं आणि मग बोटानं मधून कडेकडे दाबत जायचं. ताणून लावलं तर ते आखडताना कातडी ओढतं आणि कडेनं फोड येतात. सुईचं बूड वर तरंगत असेल तर त्याखाली गॉजचा बारीक तुकडा. नाही तर टोक शिरेच्या भिंतीला टेकतं, आणि बूड कातडीत रुतून खळगा पडतो.

त्यापुढे जोडलेली छोटी नळी. तिचा वळसा करून तो वळसा वेगळ्या पट्टीनं कातडीला चिकटवायचा. मला विचाराल तर सगळ्यांत महत्त्वाचं हेच. मूल ओढणारच. ओढ वळशाला बसली तर वळसा सुटतो, सुई जागेवर राहते. वळसा नसेल तर पहिलाच हिसका सुईला.

गोल पट्टी मारायची नाही. हाताभोवती पूर्ण वेढा घालणारी कुठलीही गोष्ट, पट्टी असो, बँडेज असो, दोरा असो, सूज आली की फास होते. पंज्यावर सुई असती तर स्प्लिंट लागलं असतं. कापूस गुंडाळलेलं, लाडू धरल्यासारखा हात ठेवून, बोटांची टोकं बाहेर. तिथंही पट्टीचा जो भाग कातडीवरून जाणार त्याच्या चिकट बाजूला दुसरी पट्टी उलटी लावून टाकायची, म्हणजे पट्टी फळीला धरते, कातडीला नाही. हे मॅडमनी शिकवलं तेव्हा मला वाटलं, एवढी साधी गोष्ट पाच वर्षं कुणी का सांगितली नाही?

बँडेजऐवजी आम्ही आता स्वच्छ पायमोजा वापरतो, पुढचं टोक कापून. नळी, पट्ट्या झाकल्या जातात, मूल त्यांच्याशी खेळत नाही, आणि बघायचं तेव्हा मोजा खाली सरकवला की सगळं दिसतं. सुरुवातीला पारदर्शक ड्रेसिंगच्या खर्चावरून कुरकुर झाली. मॅडमनी सरांना शांतपणे सांगितलं, एका मुलाला चार सुया लागण्यापेक्षा हे स्वस्त आहे. सरांना पटलं. अजूनही महिनाअखेरीला साठा संपतो, तेव्हा सुईच्या भोकावर छोटा निर्जंतुक गॉज आणि त्यावर मायक्रोपोरची कागदी पट्टी, पण वरची कातडी उघडी, हा नियम सोडत नाही.

ड्रेसिंगच्या कडेला तारीख, वेळ. पूर्वी आम्ही तीन दिवस झाले की चालू असलेली सुई काढून नवी लावायचो, मोठ्यांच्या वॉर्डासारखी. मुलांत तसं करायचं नसतं. अमेरिकेच्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेच्या २०११च्या मार्गदर्शक सूचनांमध्येही मुलांची सुई गरज असेल तरच बदला, असं म्हटलं आहे. किती मुलांना आम्ही उगाच टोचलं असेल, याचा विचार करवत नाही.

आता पुढचा भाग, जो मला त्या नऊ महिन्यांच्या मुलाच्या आईनं शिकवला.

लहान मुलाची सुई तासाला एकदा तरी बघायची असते. पोटॅशियम, कॅल्शियम, २५ टक्के डेक्स्ट्रोज, फिटचं फेनिटॉइन असलं काही चालू असेल तर त्याहून जास्त वेळा. पण रात्री आम्ही दोघी आणि मुलं अठ्ठावीस. प्रयत्न करतो, चार्टवर सही करतो, तरी मधला वेळ आईचाच असतो. म्हणून मी आईला शिकवते, पण 'लक्ष ठेवा' असं नुसतं म्हणत नाही, कारण त्या शब्दांतून काहीच कळत नाही. तिचा हात धरून दाखवते.

"ही जागा बघा. आता हात लावा. मऊ आहे, कोमट आहे, कोरडी आहे. आता दुसऱ्या हाताला त्याच जागी लावा. दोन्ही सारखे लागतात ना? सारखे लागेनासे झाले की मला उठवायचं. कडक लागलं, गार लागलं, ओलं लागलं, लाल झालं, किंवा तुम्हाला नुसतं वाटलं तरी."

"झोपल्या असल्या तर?"

"तरी उठवायचं."

मुलीच्या आईला वाचता येत नव्हतं. पण तिच्या हाताला भाकरीचं पीठ किती मऊ झालं ते कळतं, तापलेला तवा कळतो. तिला हे एकदाच दाखवावं लागलं.

औषधाच्या दोन वेळांच्या मध्ये सलाईन चालू ठेवायची गरज नव्हती. सुई शिरेतच ठेवून आतून धुतली, टोपण लावलं आणि बाटलीची नळी काढून घेतली. जी नळी लोंबतच नाही ती ओढली जात नाही. मुलगी मोकळी झाली, आईच्या कडेवर बसून खिडकीतून गाड्या बघू लागली.

तिसऱ्या रात्री औषध चालू असताना तीनच्या सुमारास ती टेबलापाशी आली. "बाई, ह्यो हात गार लागायलाय. दुसरा न्हाई लागत."

मी बाटलीकडे बघितलं नाही. मोजा सरकवला. ड्रेसिंगच्या वर पेरूच्या बीएवढी फुगवटी, जेमतेम. दिव्याखाली धरल्यावर कळली. औषध लगेच बंद केलं. सलाईन ढकलून 'चालू आहे का' बघण्याचा मोह अशा वेळी होतो. तो आवरायचा, त्यानं आणखी पाणी मांसात जातं. सुईतून जे ओढता येईल ते सिरिंजनं ओढून घेतलं, डॉक्टरांना बोलावलं, मग सुई काढली, हात उशीवर उंच ठेवला. दुपारपर्यंत हात पूर्ववत. नवी सुई त्याच हाताला लावायची नव्हती. अंगठ्याचा उजवा हात शेवटी घ्यावाच लागला, पण पंज्यावर नाही, वरच्या भागात, आणि अंगठा मोकळा. पहिल्या रात्री ती जराशी रडली, मग मोज्यातून बाहेर आलेला अंगठा तिला सापडला.

कुणी म्हणेल, एवढं करून सुई गेलीच की. हो, गेली. लहान मुलांच्या पुष्कळ सुया उपचार संपायच्या आधी निकामी होतात, कितीही नीट लावा. फरक एवढाच की ही पेरूच्या बीएवढी असताना कळली.

मध्ये तीन महिने मला बालअतिदक्षता विभागात पाठवलं होतं. तिथल्या लाइनी, म्हणजे मोठ्या शिरांत घातलेल्या लांब नळ्या, वेगळ्या: मानेच्या, मांडीच्या, दंडातून छातीपर्यंत जाणाऱ्या. मांडीच्या लाइनीला लंगोटाचा त्रास. ड्रेसिंगची कड लंगोटाच्या वर राहील अशी आणि लंगोट खाली दुमडून. दंडाच्या लाइनीवर सेंटिमीटरच्या खुणा असतात. बाहेर किती आहे ते दर पाळीला मोजून लिहायचं, अर्धा सेंटिमीटर जरी सरकली तरी डॉक्टरांना सांगायचं. तिथं मला एक गोष्ट फार जाणवली. लाइनी मुलं ओढतात त्याहून जास्त आम्ही ओढतो. एक्स-रेला नेताना, चादर बदलताना, ट्रॉलीवर घेताना. तेव्हापासून मूल उचलायच्या आधी मी मोठ्यानं म्हणते, "लाइन कुणाच्या हातात?" आणि कुणीतरी "माझ्या" म्हणेपर्यंत उचलत नाही.

त्या मुलीची सुई सातव्या दिवशी काढली. काढणं हेही कामच आहे. आमच्या वॉर्डात मुलाच्या पट्टीजवळ कात्री न्यायची नाही, कुणीही, कितीही अनुभवी असो. पट्टीबरोबर बाळाचं बोट कापलं गेल्याच्या बातम्या आपण वाचल्या आहेत. ती सिस्टर वाईट नसते, घाईत असते. पट्टी कोमट पाण्याच्या बोळ्यानं भिजवायची, दुसऱ्या हातानं कातडी दाबून धरायची, आणि पट्टी वर न उचलता कातडीलगत मागे दुमडत न्यायची, लव असते त्या दिशेनं. पाच मिनिटं लागतात. फाटकन ओढली तर सुईनं दुखलं नसेल एवढं त्यानं दुखतं, आणि लहान बाळाची वरची कातडी पट्टीबरोबर येऊ शकते.

सुई निघाली, मी कापूस ठेवला. "दाबून धरा, चोळू नका. दोन मिनिटं."

आईनं दाबून धरलं. शेजारच्या कॉटवर आदल्या रात्री त्यांच्याच टोळीतली एक बाई आपलं तान्हं घेऊन आली होती. घाबरलेली, सलाईनच्या बाटलीवर नजर लावून बसलेली. ही तिला म्हणाली, "बाटलीकडं काय बगायलीस? हाताला हात लावून बग."